महमूदाबादचे राजे आणि सरकारची घरमालकी

लखनौच्या हजरतगंज भागातील दुकानांच्या रांगा, तिथले हलवासिया मार्केट आणि महमूदाबाद मॅन्शन, गोमतीच्या बाजूचा बटलर पॅलेस, सीतापूरमधील काही सरकारी निवासस्थाने आणि नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल या मालमत्तांचा नकाशावर एकमेकींशी संबंध नाही. सरकारी दप्तरात मात्र त्या एकाच नावाखाली येतात. ते नाव आहे महमूदाबादचे राजे मोहम्मद अमीर अहमद खान यांचे. १९७३ साली लंडनमध्ये निधन पावलेल्या या माणसाने १९५७ साली घेतलेल्या एका निर्णयाचे हिशेब भारत सरकार, न्यायालये, भाडेकरू आणि वारस आजही मांडत आहेत. सरकारने ताब्यात घेतलेल्या व्यापारी मालमत्तेचे सरकार नेमके कोण लागते, मालक, विश्वस्त की केवळ राखणदार, हा प्रश्न भारतात ज्या एका आयुष्याच्या निमित्ताने सर्वाधिक वेळा न्यायालयात गेला, ते हे आयुष्य आहे.

राजेसाहेबांचा जन्म ५ नोव्हेंबर १९१४ रोजी झाला. सीतापूर जिल्ह्यातील महमूदाबाद हे अवधच्या सर्वांत मोठ्या तालुकदाऱ्यांपैकी एक. १८५७ च्या उठावात या घराण्याचे तेव्हाचे प्रमुख नवाब अली खान बेगम हजरत महल यांच्या बाजूने लढले होते. उठाव मोडल्यानंतर ज्या घराण्यांनी ब्रिटिशांशी जुळवून घेऊन आपल्या जमिनी टिकवल्या, त्यांत महमूदाबादचाही समावेश झाला. अमीर अहमद खान यांचे वडील महाराजा मोहम्मद अली मोहम्मद खान हे दोन्ही जगांत वावरणारे गृहस्थ होते. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. ब्रिटिश अधिकारी हार्कोर्ट बटलर यांच्या नावाने त्यांनी लखनौत प्रासाद उभारला आणि त्याच काळात मोतीलाल नेहरू व मोहम्मद अली जिना यांच्याशी घरोब्याचे संबंध राखले. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील १९१६ चा लखनौ करार ज्या वातावरणात झाला, ते घडवणाऱ्यांपैकी ते एक होते.

जिनांचा आणि या घराचा स्नेह राजकारणापुरता मर्यादित नव्हता. १९१८ साली मुंबईत जिना आणि रत्तनबाई पेटिट यांचा विवाह झाला, त्यानंतरचे दिवस या जोडप्याने महमूदाबादकरांचे पाहुणे म्हणून नैनितालमध्ये घालवले. मेट्रोपोल हॉटेलचा उल्लेख झाला की आजही हीच आठवण सांगितली जाते. बाल अमीर अहमद खान यांच्या दृष्टीने जिना हे पुढारी होण्याआधी घरातले वडीलधारे होते. पुढे त्यांनी जी राजकीय वाट धरली, तिचा उगम तत्त्वज्ञानाइतकाच या घरगुती नात्यातही शोधावा लागतो.

१९३१ साली वडिलांचे निधन झाले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे गादीचा वारसा आला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मुस्लिम लीगचे अधिवेशन लखनौत भरले, तेव्हा स्वागताची जबाबदारी या तरुण राजावर होती. प्रांतिक निवडणुकांत पिछाडीवर पडलेल्या लीगने याच अधिवेशनापासून उभारी घेतली. त्यानंतर राजेसाहेब लीगच्या कार्यकारिणीतील सर्वांत तरुण सदस्यांपैकी एक झाले, संघटनेचे खजिनदार झाले, अखिल भारतीय मुस्लिम विद्यार्थी संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. इस्टेटीचा पैसा चळवळीकडे वळला. गादीवरचा माणूस मात्र साधा राहिला. जाडेभरडे कपडे, धार्मिक आचरण आणि काव्याची ओढ अशी त्यांची ओळख होती.

या साधेपणामागे एक आग्रही श्रद्धा होती आणि तिनेच त्यांचा जिनांशी खटका उडवला. होऊ घातलेले पाकिस्तान हे इस्लामी राज्य असावे, असा प्रचार राजेसाहेब १९४० च्या सुमारास करू लागले. जिनांना ही भूमिका मुळीच मान्य नव्हती आणि लीगच्या व्यासपीठावरून ती मांडू नये, अशी समज त्यांनी आपल्या या मानसपुत्राला दिली. पुढची काही वर्षे राजेसाहेब जिनांपासून अंतर राखून राहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलेल्या आठवणींत त्यांनी या मतभेदाची कबुली दिली आहे आणि त्या जुन्या आग्रहाकडे पुनर्विचाराच्या नजरेने पाहिले आहे.

फाळणी झाली तेव्हा अपेक्षा अशी होती की, लीगचा हा खजिनदार नव्या देशात मानाच्या जागी बसेल. तसे झाले नाही. राजेसाहेबांनी भारत सोडला, परंतु ते पाकिस्तानात स्थायिक झाले नाहीत. शिया श्रद्धेचे केंद्र असलेल्या करबलाच्या ओढीने ते इराकमध्ये जाऊन राहिले. पत्नी आणि १९४३ साली जन्मलेला एकुलता मुलगा मोहम्मद अमीर मोहम्मद खान भारतातच राहिले आणि भारतीय नागरिक झाले. घर एका देशात, घरधनी दुसऱ्या देशात आणि ज्या देशासाठी त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली तो तिसराच, अशी ही विचित्र अवस्था दहा वर्षे चालली.

या दहा वर्षांत भारतात मालमत्तेविषयीचे दोन मोठे कायदे अमलात आले. दोहोंतून राजेसाहेबांची शहरी मालमत्ता सुटली. पहिला कायदा उत्तर प्रदेशातील जमीनदारी निर्मूलनाचा. त्याने १९५२ पासून तालुकदारांच्या शेतजमिनीवरील हक्क संपवले. महमूदाबादची गावे गेली. शहरांतील इमारती, दुकाने आणि बंगले मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे ज्या घराण्याचे वैभव शेतसाऱ्यावर उभे होते, त्याच्या हाती आता प्रामुख्याने हजरतगंजसारख्या बाजारपेठेतील भाडे उरले. दुसरा कायदा निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचा, १९५० चा. फाळणीमुळे देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेऊन तिकडून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी वापरणे, हा त्याचा हेतू होता. ही व्यवस्था कायम चालू ठेवण्याचा सरकारचा इरादा नव्हता. म्हणून ७ मे १९५४ नंतर कोणतीही नवी मालमत्ता या कायद्याखाली घोषित करता येणार नाही, अशी दुरुस्ती संसदेने केली. दार बंद झाले, तेव्हा राजेसाहेबांची मालमत्ता बाहेरच होती.

त्यानंतर १९५७ साली त्यांनी पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. त्यामागे जुन्या निष्ठेची पूर्तता होती, की राष्ट्रहीन अवस्थेचा कंटाळा, याविषयी तर्क करता येतात. परिणामाबाबत मात्र संदिग्धता नाही. त्या क्षणी लखनौतील इमारतींचे काहीच बिघडले नाही. भाडेकरू भाडे देत होते, कुटुंब कारभार पाहत होते. परदेशी नागरिकाची भारतातील मालमत्ता एवढेच तिचे स्वरूप होते. तिला वेगळे नाव मिळायला आठ वर्षांनंतरचे युद्ध लागले.

पाकिस्तानात राजेसाहेबांचे मन रमले नाही. १९५८ साली तिथे लष्करी राजवट आली आणि राजकीय पक्षांचे युग तूर्त संपले. लीगच्या जुन्या पुढाऱ्यांना त्या व्यवस्थेत जागा नव्हती आणि राजेसाहेबांना सत्तेची फारशी ओढही नव्हती. पुढे ते लंडनला गेले आणि रीजेंट्स पार्कमधील इस्लामी सांस्कृतिक केंद्राचे संचालक झाले. दरम्यान सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. भारत संरक्षण नियमांखाली सरकारने पाकिस्तानी नागरिकांची भारतातील मालमत्ता शत्रू मालमत्ता म्हणून अभिरक्षकाकडे, म्हणजे सरकारी परिभाषेतील कस्टोडियनकडे, सोपवली. महमूदाबादची सारी मालमत्ता एका आदेशाने त्यात गेली. ज्या घरात भारतीय नागरिक असलेली पत्नी आणि मुलगा राहत होते, ते घर कायद्याने शत्रूचे ठरले.

युद्धकाळात शत्रूदेशाच्या नागरिकांची मालमत्ता ताब्यात घेणे ही जगभरची रूढ पद्धत आहे. त्या मालमत्तेचा उपयोग शत्रूला होऊ नये आणि तह होताना वाटाघाटींसाठी ती हाती असावी, हे त्यामागचे तर्कशास्त्र. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात दोन्ही देशांनी एकमेकांकडील जप्त मालमत्ता परत करण्यावर चर्चा करण्याचे मान्य केले होते. ती चर्चा फलद्रूप झाली नाही. भारताने १९६८ साली शत्रू मालमत्ता कायदा करून तात्पुरत्या आदेशाला कायम स्वरूप दिले. पाकिस्तानने आपल्याकडील अशी मालमत्ता १९७१ मध्ये विकून टाकली. भारतातील मालमत्ता तशीच राहिली आणि राखणदारीची मुदत कुठेही लिहिलेली नव्हती.

१९६८ च्या कायद्याने अभिरक्षकाला दिलेले अधिकार एखाद्या चांगल्या मुनीमाला शोभावेत असे होते. त्याने भाडे वसूल करावे, देणी द्यावीत, इमारतींची दुरुस्ती करावी, गरज पडल्यास दावे लावावेत आणि आलेल्या रकमेवर दोन टक्के शुल्क घ्यावे. या अभिरक्षकाचे मुख्य कार्यालय अनेक दशके मुंबईत, बॅलार्ड इस्टेटमधील कैसर-ए-हिंद इमारतीत होते. विषय वाणिज्य मंत्रालयाकडे होता, तो २००७ मध्ये गृह मंत्रालयाकडे आला. म्हणजे हजरतगंजमधल्या दुकानाचे छत गळू लागले, तर त्याची जबाबदारी कायद्याने मुंबईतल्या एका लहानशा कार्यालयावर, धोरण दिल्लीतल्या मंत्रालयाकडे आणि प्रत्यक्ष माहिती लखनौच्या जिल्हा प्रशासनाकडे, अशी तीन ठिकाणी विभागणी होती. ज्याने प्रशासनात काम केले आहे, त्याला अशा विभागणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याचा परिणाम ठरलेला होता. मोक्याच्या जागांची भाडी जुन्याच दरांवर थिजून राहिली, ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. सीतापूरमध्ये जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची निवासस्थानेच या मालमत्तेत असल्याने शासन हेच राखणदार आणि शासन हेच भोगवटादार, अशी स्थिती झाली. नैनितालच्या मेट्रोपोलची अवस्था सर्वांत बोलकी आहे. एकेकाळचे नामांकित हॉटेल मोडकळीस आले, त्याच्या आवाराचा उपयोग वाहनतळासाठी होऊ लागला आणि सभोवती वस्ती वाढली. जुलै २०२३ मध्ये प्रशासनाने तेथील शंभराहून अधिक कुटुंबांची घरे पाडली. ज्या जमिनीवर ही वस्ती वसली, ती त्या संपूर्ण काळात सरकारी अभिरक्षणात होती. अतिक्रमण करणाऱ्यांचा दोष मान्य केला, तरी दशकानुदशके ते होऊ देणाऱ्या राखणदाराचा दोष त्यामुळे पुसला जात नाही.

१४ ऑक्टोबर १९७३ रोजी राजेसाहेब लंडनमध्ये वारले. त्यांचे दफन इराणमधील मशहद येथे झाले. भारत, इराक, पाकिस्तान आणि इंग्लंड या देशांत विभागलेले आयुष्य पाचव्याच देशाच्या मातीत संपले. त्यांच्या मृत्यूने मात्र कायद्यापुढे नवा प्रश्न उभा केला. शत्रू म्हणून ज्याची मालमत्ता घेतली, तो माणूसच उरला नाही. त्याचा वारस जन्माने आणि निवासाने भारतीय. मग ती मालमत्ता शत्रूची कशी?

हा प्रश्न घेऊन राजपुत्र मोहम्मद अमीर मोहम्मद खान तीन दशके कचेऱ्या आणि न्यायालयांत फिरले. केंब्रिजमध्ये शिकलेले हे गृहस्थ पुढे काँग्रेसच्या तिकिटावर महमूदाबादमधून उत्तर प्रदेश विधानसभेवर दोनदा निवडून आले. म्हणजे ज्यांच्या घरावर शत्रू मालमत्तेचा शिक्का होता, ते राज्याच्या कायदेमंडळात बसून कायदे करीत होते. १९८१ साली केंद्र सरकारने मालमत्तेचा पाव हिस्सा परत देण्याची तयारी दाखवली. १९८६ मध्ये लखनौच्या दिवाणी न्यायालयाने त्यांना एकमेव वारस ठरवले. अभिरक्षकाचे कार्यालय मुंबईत असल्याने लढाई मुंबई उच्च न्यायालयात आली आणि २००१ मध्ये तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. २१ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अभिरक्षकाकडे मालमत्ता केवळ व्यवस्थापनासाठी असते, मालकी त्याच्याकडे जात नाही आणि भारतीय नागरिकाला वारशाने मिळालेली मालमत्ता शत्रूची राहत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ताबा परत देण्याचा आदेशही झाला.

निकालाने एका कुटुंबाला न्याय मिळाला आणि त्याच वेळी हजरतगंजच्या शेकडो भाडेकरूंच्या मनात धास्ती निर्माण झाली. त्यांनी चाळीस वर्षे सरकारला भाडे दिले होते, त्या जागांवर पिढ्यांचे व्यवसाय उभे केले होते. आता घरमालक बदलला होता. देशभरातून अशाच दाव्यांची रीघ लागेल, ही भीती सरकारी पातळीवरही होती. जुलै २०१० मध्ये मनमोहन सिंग सरकारने वटहुकूम काढून अभिरक्षकाचे हक्क पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला. संसदेत मतैक्य झाले नाही, वटहुकूम सप्टेंबरमध्ये लयाला गेला आणि नंतरचे विधेयकही लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. नरेंद्र मोदी सरकारने जानेवारी २०१६ पासून एकामागोमाग पाच वटहुकूम काढले आणि मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा संमत करून घेतला.

या दुरुस्तीने चित्र मुळापासून बदलले. शत्रूच्या व्याख्येत त्याचा वारसही आला, मग तो भारतीय नागरिक का असेना. शत्रूचा मृत्यू झाला तरी मालमत्ता अभिरक्षकाकडेच राहणार, वारसा कायदा तिला लागू होणार नाही, दिवाणी न्यायालयांना त्यात लक्ष घालता येणार नाही आणि हे सारे पूर्वलक्षी प्रभावाने, अशा तरतुदी झाल्या. अभिरक्षकाला केंद्राच्या मान्यतेने विक्रीचा अधिकार मिळाला. शुल्क दोनावरून पाच टक्क्यांवर गेले. सरकारचा युक्तिवाद असा की, युद्धात ताब्यात घेतलेली राष्ट्राच्या हातातील मालमत्ता वारसाच्या वाटेने निसटू देणे मूळ कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे आणि पाकिस्तानने आपल्या बाजूचा प्रश्न केव्हाच संपवला आहे. राज्यसभेच्या प्रवर समितीत भिन्नमत नोंदवणाऱ्या विरोधी सदस्यांचा आक्षेप असा की, यात भारतीय नागरिकालाच त्याच्या वडिलांच्या निर्णयाची शिक्षा होते. राजपुत्रांनी नव्या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचेही निधन झाले.

हा प्रश्न एका घराण्यापुरता नाही, हे केंद्राने दिलेल्या आकड्यांवरून दिसते. २०२३ मधील माहितीनुसार देशात १२,६११ शत्रू मालमत्ता होत्या. त्यांपैकी ६,२५५ उत्तर प्रदेशात, ४,०८८ पश्चिम बंगालमध्ये, ६५९ दिल्लीत, २९५ गोव्यात आणि २०८ महाराष्ट्रात. कराचीतील गोवेकरांची जुनी वस्ती लक्षात घेतली, तर गोव्याचा आकडा अनपेक्षित वाटत नाही. याच सुमारास विल्हेवाटीतून मिळालेली रक्कम ३,४०० कोटी रुपयांहून अधिक असल्याचे सांगितले गेले. तीत मोठा वाटा शेअर्ससारख्या जंगम मालमत्तेचा होता. शेअर विकणे सोपे असते, कारण त्यात कोणी राहत नाही. दुकाने, घरे आणि जमिनी मात्र भोगवटादारांसह येतात. एक कोटी रुपयांपेक्षा कमी मूल्याच्या मालमत्ता आधी तेथील भोगवटादाराला देऊ कराव्यात, अशी तरतूद केंद्राला करावी लागली, ती याच वास्तवामुळे.

राजेसाहेबांच्या मालमत्तेने २०२४ मध्ये आणखी एक निकाल घडवला. हजरतगंजमधील महात्मा गांधी मार्गावरील त्यांच्या एका इमारतीत छायाचित्रांची व्यावसायिक प्रयोगशाळा भाड्याने चालत होती. लखनौ महापालिकेने तिच्याकडे मालमत्ता कर मागितला. केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही, या घटनात्मक तरतुदीचा आधार घेऊन त्याला विरोध झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेची बाजू उचलून धरली. शत्रू मालमत्ता अभिरक्षकाकडे निहित होते म्हणून ती केंद्राच्या मालकीची होत नाही, तो विश्वस्तच राहतो, असे न्यायालयाने ठरवले. २०१७ च्या दुरुस्तीनंतरही हाच निष्कर्ष निघाला.

या निकालाचे महत्त्व कराच्या रकमेपुरते नाही. विकण्याचा अधिकार आहे पण मालकी नाही, भाडे वसूल करायचे आहे पण वारसाला द्यायचे नाही, अशा स्थितीतील अभिरक्षकाला हा निकाल त्याच्या मूळ भूमिकेची आठवण करून देतो. विश्वस्ताला अधिकाराआधी कर्तव्य असते. इमारत टिकवणे, भाड्याचा हिशेब चोख ठेवणे, अतिक्रमण वेळीच रोखणे, ज्या शहराच्या रस्त्यांवर आणि पाण्यावर ती उभी आहे त्या शहराचे देणे चुकते करणे, ही ती कर्तव्ये. वारसाला हक्क द्यावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. ताब्यात घेतलेली वास्तू सांभाळावी की नाही, यावर असू शकत नाहीत.

महमूदाबादच्या राजांनी आयुष्यात बरेच चुकीचे अंदाज बांधले. ज्या देशासाठी झटले तेथे ते रमले नाहीत, ज्या नेत्याला वडील मानले त्याच्याशी त्यांचे पटले नाही. नागरिकत्व बदलताना त्याची किंमत पत्नी आणि मुलाला मोजावी लागेल, याची कल्पना त्यांना होती असे दिसत नाही. ही एका व्यक्तीची शोकांतिका होय. परंतु मेट्रोपोलची पडझड आणि हजरतगंजमधील साठ वर्षांची अनिश्चितता राजांच्या खात्यावर मांडता येणार नाही. १० सप्टेंबर १९६५ पासून मधली काही वर्षे वगळता त्या वास्तूंचे राखणदार सरकारच आहे. विक्रीच्या निविदा निघतील तेव्हा किती कोटी आले, हे मोजले जाईलच. तोवर आधी काय राखले आणि काय गमावले, याचाही ताळेबंद संसदेपुढे यायला हवा.